हायस्कूलची मुलं आणि मनाचं आरोग्य : वाचकांचे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून या वेळी आलेली बहुतेक पत्रं आठवी ते दहावीच्या मुलांविषयी आहेत. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत. ज्या पत्रात तातडी दिसली, त्याला अंकाची वाट न पाहता थेट उत्तर पाठवलं. इथे छापलं आहे ते इतरांच्या उपयोगासाठी.

प्रश्न : आमच्या हायस्कूलमध्ये मानसिक आरोग्यावर डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं. मुलांनी शांतपणे ऐकलं, टाळ्या वाजवल्या. पुढच्या तीन महिन्यांत एकही मूल बोलायला आलं नाही. मुलांना यातलं किती कळतं आणि ते कळणं कशावर ठरतं, हे शोधायचं कसं? – मुख्याध्यापिका, विटा परिसर

व्याख्यान अगदीच वाया गेलं असं नाही, पण त्यातून मुलांना कळली ती आजारांची नावं. ‘मला असं होतंय’ हे कुणाला सांगायचं, कसं सांगायचं आणि सांगितल्यावर पुढे आपलं काय होणार, हे कळलं नाही. ऑस्ट्रेलियातले संशोधक अँथनी जॉर्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘मानसिक आरोग्य साक्षरता’ ही कल्पना मांडली, तेव्हा आजार ओळखण्याबरोबरच मदत कुठे मिळते याची माहिती आणि मदत घेण्याकडे बघण्याची दृष्टी हेही तिच्यात धरलं होतं. शाळा ओळखण्यापाशी थांबतात. आणि गरज तर आहेच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटात ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात चारेक मुलं धरा.

समज कशी घडते ते बघताना आधी घर बघावं लागतं. घरात कुणाचा असा आजार आणि त्यावरचे उपचार मुलानं उघडपणे पाहिले असतील, तर त्याची समज चार पावलं पुढे असते. तोच आजार घरानं दडवला असेल, तर मूल दडवायला शिकतं. तुमच्या भागात आणखी एक गोष्ट आहे. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त परराज्यात असतात, मूल आजी-आजोबांजवळ. जतकडे ऊसतोडीच्या हंगामात आई-बाप फडावर असतात. अशा मुलाला ‘आई-वडिलांशी मोकळेपणानं बोल’ असं सांगून काय उपयोग? रात्री नऊला आलेल्या फोनवर, आजी शेजारी बसलेली असताना, ते काय बोलणार?

मुलगा की मुलगी, यानंही फरक पडतो. बहुतेक अभ्यासांत मुली लक्षणं जास्त नेमकी ओळखतात आणि मदत मागायला कमी कचरतात. मुलग्यांची उदासी चिडचिड, मारामारी, मावा-गुटखा या वाटेनं बाहेर पडते आणि शाळा तिची नोंद ‘बेशिस्त’ म्हणून करते. मग भाषा. भिंतीवरच्या पोस्टरवर ‘अवसादाची लक्षणे’ लिहिलेलं असतं. मूल म्हणतं, ‘कशात जीव लागत नाही’, ‘डोकं भणभणतंय’. जतच्या सीमेवरच्या काही गावांत तर घरात कन्नड आणि शाळेत मराठी. मुलांच्या तोंडचे शब्द तासाला वापरले नाहीत, तर पोस्टरवरचं दुखणं आपलंच आहे हे त्यांच्या लक्षात येत नाही.

आमच्या मते सगळ्यात जड पारडं शिक्षकाच्या पहिल्या प्रतिक्रियेचं. एखादी मुलगी बाईंपाशी काही बोलली, मधल्या सुट्टीपर्यंत ते स्टाफरूमला कळलं आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावणं गेलं, की त्या एका प्रसंगातून अख्खा वर्ग शिकतो : इथे तोंड उघडायचं नाही. दहा व्याख्यानांनी ते पुसलं जात नाही.

आता मोजणी. त्यासाठी मुलांना ‘डिप्रेशन म्हणजे काय?’ विचारू नका, पाठ केलेली व्याख्या मिळेल. एका कागदावर दोन छोटे प्रसंग द्या. पहिला असा : ‘वैभव नववीत आहे. गेले तीन आठवडे तो कबड्डीच्या सरावाला जात नाही. रात्री दोनला जाग येते ती येतेच. डबा तसाच परत नेतो. सरांनी नाव पुकारलं तरी चिडतो. आपल्याला काही जमणार नाही, असं म्हणतो.’ दुसरा : ‘सानिका दहावीत आहे. पेपरच्या आदल्या रात्री तिच्या पोटात गोळा येतो, छाती धडधडते. पेपर झाला की मैत्रिणींबरोबर भेळ खायला जाते.’ प्रत्येकाखाली चार प्रश्न : काय झालं असेल? कुणाकडे जावं? तुम्ही मित्र असाल तर उद्या काय म्हणाल? आणि तुमच्यावर अशी वेळ आली, तर कुणाला सांगाल आणि कुणाला मुळीच सांगणार नाही? शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून शाळेला आपलं खरं प्रगतिपुस्तक मिळतं. सानिकाचा प्रसंग मुद्दाम घातला आहे. तिलाही आजार झाला असं वर्गातले निम्मे लिहीत असतील, तर नेहमीच्या धास्तीला आजाराचं नाव द्यायची सवय लागते आहे, आणि तीही निरक्षरताच.

एक तासिका पुरते. नाव नाही, हजेरी क्रमांक नाही. फक्त इयत्ता आणि मुलगा की मुलगी एवढं. मुलांना परीक्षेसारखं लांब लांब बसवा, नाहीतर एका बाकाचं एकच उत्तर येतं. कागद वर्गशिक्षकांनी वाचू नयेत, त्यांना अक्षर ओळखू येतं. शेजारच्या शाळेशी गठ्ठे बदलून घ्या. उत्तरांना गुण देऊ नका. ओळखलं, ‘टेन्शन’ एवढंच लिहिलं, ‘नाटक करतोय’ म्हटलं, बाहेरची बाधा म्हटलं, असे ढीग लावा आणि मोजा. तीन महिन्यांनी तीच परीक्षा पुन्हा घ्या. एक अपवाद मुलांना आधीच सांगून ठेवा : कुणी जिवाच्या धोक्याचं लिहिलं, तर आम्ही गप्प बसणार नाही. तसा कागद निघाला तर त्याच दिवशी त्या वर्गात जाऊन, कुणाकडे बोट न दाखवता, आज कोण, कुठे, किती वाजेपर्यंत बोलायला बसलं आहे ते सांगा, आणि कागद कुणाचा हे शोधण्याचं काम शांतपणे एकाच माणसाकडे द्या.

आजार शोधण्याच्या प्रश्नावल्या मात्र नावासकट भरून घेऊ नका. पाठपुराव्याला माणूस नसताना दोनशे मुलांना ‘मरावंसं वाटतं का’ विचारायचं आणि कागद कपाटात ठेवायचे, हा प्रकार होतो आणि तो घातक आहे.

पुढे काय शिकवायचं? युरोपातल्या १० देशांत, १६८ शाळांतल्या ११ हजारांवर मुलांचा एक मोठा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाच तासांचा कार्यक्रम होता आणि त्यातले तीन तास मुलं प्रसंग वठवून दाखवत होती. वर्षभरानंतर त्या मुलांमधले आत्महत्येचे नवे प्रयत्न तुलनेच्या गटापेक्षा निम्म्यावर आले. त्याच अभ्यासात नुसतं शिक्षकांना प्रशिक्षण दिलेल्या शाळांत लक्षणीय फरक पडला नाही. आपल्याकडे बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत असाच प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८ चे. तिथल्या सगळ्या शाळांत कार्यक्रम एकच, पण प्रशिक्षण दिलेल्या बाहेरच्या समुपदेशकानं राबवला तिथे शाळेचं वातावरण सुधारलं, मुलांमधली उदासी आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी राबवला तिथे काही हललं नाही. शिक्षक वाईट म्हणून नव्हे. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्यापाशी मूल मन मोकळं करत नाही, आणि शिक्षकाच्या डोक्यावर आधीच शंभर कामं असतात.

प्रश्न : मुलगा नववीत. दर सोमवारी सकाळी पोटात दुखतं म्हणून शाळा बुडवतो. सोनोग्राफी, रक्त, लघवी सगळं नॉर्मल. सासूबाई नजर काढतात. मिस्टर म्हणतात, सोंग आहे. – कराड

सोंग नाही. ताणानं पोट खरोखर दुखतं, कळ खोटी नसते. दुखण्यानं रात्री झोपेतून उठत असेल, वजन उतरत असेल, उलटी-ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा. तसं काही नसेल आणि शनिवार-रविवारी पोट ठणठणीत असेल, तर शोध शाळेच्या दिशेनं घ्यायचा.

दोन आठवडे एका वहीत टिपून ठेवा : वार, दुखायला लागलं ती वेळ, त्या दिवशीचा पहिला तास कोणता, गाडीला बरोबर कोण असतं, आदल्या रात्री किती वाजता झोपला. बऱ्याचदा यातून धागा सापडतो. एका विषयाची तोंडी, मागच्या बाकावरून होणारी चिडवाचिडवी, एसटीतली दादागिरी, आणि आई-वडिलांना सुचतच नाही असं एक कारण म्हणजे शाळेची मुतारी. तिथे मोठी मुलं उभी असतात म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुलं आहेत. विचारताना समोर बसवून उलटतपासणी घेऊ नका. गाडीवर मागे बसलेला असताना किंवा भाजी निवडताना विचारा, नजरेला नजर नसली की मुलं बोलतात.

घरी ठेवणं लांबवू नका. गैरहजेरीचा प्रत्येक दिवस पुढच्या दिवसाचा उंबरठा आणखी उंच करतो. वर्गशिक्षकांशी बोलून ठरवा : पहिले तीन दिवस दोनच तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, पुढच्या आठवड्यात पूर्ण दिवस. फाटकापाशी ठरलेलं एक माणूस हवं. पोट दुखलं तर घरी पळायचं नाही, कार्यालयात दहा मिनिटं बसून परत वर्गात जायचं, हेही आधी ठरवा. घरी राहिलाच, तर शाळेच्या वेळेत मोबाईल आणि टीव्ही बंद; शिक्षा म्हणून नव्हे, घर शाळेपेक्षा गोड लागू नये म्हणून. दोन-तीन आठवड्यांत गाडी रुळावर आली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.

नजरेचं म्हणाल तर मीठ-मोहऱ्या ओवाळायला दोन मिनिटं लागतात. त्यावरून सासूबाईंशी वाद घालून त्यांना विरोधात उभं करू नका. डॉक्टरांकडे जाताना त्याच सोबत आल्या तर काम निम्मं होतं. ‘सोंग’ हा शब्द मात्र घरातून आजच हद्दपार करा. तो ऐकला की मूल दुखणं सिद्ध करायच्या मागे लागतं.

प्रश्न : मी दहावीत आहे. माझ्या मैत्रिणीनं मला सांगितलं, मला जगायचं नाही. कुणाला सांगितलंस तर माझी शप्पथ, असं म्हणाली. मी काय करू? – एक विद्यार्थिनी, जत तालुका

शपथ मोड. आजच. ती तुझ्यावर रागावेल, चार दिवस बोलणार नाही, ते चालेल.

आधी तिच्याजवळ बस आणि सरळ विचार, ‘तुला मरून जावं असं वाटतंय का? कसं करायचं ते ठरवलंयस का?’ असं विचारल्यानं तिच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच तिला हायसं वाटण्याची शक्यता जास्त. ‘असं काय बोलतेस, आई-बाबांचा विचार कर’ हे म्हणू नकोस. तिच्या मनात ते आधीच हजारदा येऊन गेलंय. ‘तू मला सांगितलंस ते बरं झालं. हे मला एकटीला पेलणार नाही, आपण दोघी मिळून एका मोठ्या माणसाला सांगू,’ असं म्हण. ते माणूस तिलाच निवडू दे : एखाद्या बाई, मावशी, आशाताई. तिनं नाही निवडलं, तर तू निवड. पहिल्या माणसानं हसण्यावारी नेलं, तर तिथे थांबू नकोस, दुसऱ्याला सांग.

१४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र आणि फुकट चालतो. मराठीत बोलता येतं, कन्नडमध्येही. तूही त्यावर विचारू शकतेस, मैत्रिणीबद्दल विचारतेय असं सांग. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर. तिनं काही ठरवलं आहे किंवा हाताशी काही ठेवलं आहे असं वाटलं, तर तिला एकटी सोडू नकोस आणि मोठं माणूस येईपर्यंत जागेवरून हलू नकोस. तिनं काही घेतलं किंवा स्वतःला इजा केली असेल, तर १०८ ला फोन.

मोठ्यांसाठी दोन ओळी. शेतीची औषधं गोठ्यात, पोटमाळ्यावर, खाटेखाली असतात. ती आजच कुलूपबंद पेटीत जाऊ द्या आणि किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे राहू द्या. घरातल्या गोळ्याही तशाच. ही लाट बऱ्याचदा थोडा वेळ टिकते, तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं यानं जीव वाचतात. आणि ‘पोलीस केस होईल’ या भीतीनं दवाखाना टाळू नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच कायदा गृहीत धरतो.

प्रश्न : आठवीतल्या मुलीची दातखिळी बसते, हातपाय ताठ होतात. पंधरा मिनिटांनी शुद्धीवर येते. भावकी म्हणते, देवऋषाकडे न्या. – कोरेगाव

आधी फिट येते का ते तपासायचं. पुढच्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल. फिट असेल तर बहुधा दोन-तीन मिनिटांत ओसरते, जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होऊ शकते, झोपेतही येते. मनाच्या ताणातून येणारा झटका लांबतो, डोळे घट्ट मिटलेले असतात, आणि तो बहुतेकदा लोकांसमोर येतो. पण हे ठोकताळे झाले. घरी बसून निदान करू नका, दोन्ही प्रकार एकाच मुलीत असू शकतात. झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला, तर कारण काहीही असो, दवाखाना गाठा.

झटका आला की कुशीवर वळवा, गर्दी हटवा, कपडे सैल करा. कांदा, चप्पल नाकाला लावणं, दातांत चमचा घालणं, तोंडावर पाणी मारणं यातलं काही करायचं नाही.

तपासणीत फिट नाही असं ठरलं, तर ‘म्हणजे नाटकच’ असा अर्थ कुणी काढेल. तसं नाही, मुलगी हे मुद्दाम करत नाही. जे बोलता येत नाही ते शरीरातून बाहेर पडतं. लग्नाची बोलणी, शाळा सोडायला लावणं, कुणाचा नकोसा स्पर्श, अभ्यास झेपत नसणं, यातलं काय आहे ते समुपदेशकाकडे हळूहळू उलगडतं. झटक्यापुरतं अख्खं घर गोळा होतं आणि एरवी तिच्याशी कुणी बोलत नाही, असं असेल तर ते उलटं करा. लैंगिक त्रासाचं काही निघालं, तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेलाही.

देवऋषाचं उत्तर स्पष्ट आहे : नको. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर तुमच्याच जिल्ह्यातून अठरा वर्षं झटले. भावकीला एवढं सांगा आणि विषय संपवा.

प्रश्न : मुली रील्स बघून म्हणतात, ‘मला एन्झायटी आहे’, ‘मला ओसीडी आहे’. खरं किती मानायचं? – शिक्षिका, मिरज

थट्टा करू नका, शिक्काही मारू नका. ‘त्यानं तुझं काय काय अडतंय?’ एवढं विचारा. झोप, जेवण, अभ्यास, मैत्री यातलं दोनेक आठवडे सलग बिघडलेलं असेल, तर पुढे पाठवा. ओसीडी म्हणजे नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येणं आणि तीच कृती परत परत करावी लागणं. वही नीट लावायची आवड म्हणजे ओसीडी नव्हे; हात धुता धुता पहिला तास बुडत असेल, तर शक्यता आहे. रीलमधून मुलांना शब्द मिळाला, हे एका अर्थी बरंच झालं. त्या रीलमध्ये सहसा नसतो तो पुढचा पत्ता, आणि तो तुम्ही द्यायचा.

जाता जाता : रोज दहा मिनिटं वर्गाला डोळे मिटून बसवायचं का, असंही तुम्ही विचारलं आहे. ब्रिटनमध्ये ८५ शाळांतल्या आठ हजारांवर मुलांवर सजगतेच्या (माइंडफुलनेस) तासांचा प्रयोग झाला. २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांत नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. शांत बसवायला हरकत नाही, पण त्यावर मानसिक आरोग्याचं खातं बंद करू नका.

प्रश्न : मुलाला डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या आहेत. सवय लागेल का? – पलूस

या गोळ्यांची दारू-तंबाखूसारखी चटक लागत नाही. गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि आठ दिवसांत फरक नाही म्हणून बंद करणं ही नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे बरं वाटलं की एकदम थांबवणं. त्यानं गरगरणं, अस्वस्थपणा येतो आणि आजार उलटतो. बरं वाटल्यावरही डॉक्टर सहसा सहा महिने ते वर्षभर गोळ्या चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत मात्र मुलाकडे बारकाईनं लक्ष हवं. तळमळ, झोप अजिबात नसणं किंवा मरणाचे विचार वाढले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. गोळ्या तुमच्याजवळ ठेवा, एका दिवसाच्या तेवढ्या द्या.

प्रश्न : आमची शाळा ८० पटाची, डोंगरातली. समुपदेशक नेमायला पैसे नाहीत. आम्ही नेमकं काय करू शकतो? – सहशिक्षक, वाई तालुका

सर्वोच्च न्यायालयानं २५ जुलै २०२५ च्या निकालात शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हवा. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी औपचारिक जोडणी करून घ्यायची. आणि सगळ्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण वर्षातून दोनदा. तुमच्या ८० मुलांना त्यातली दुसरी, बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडणीची वाट लागू पडते, आणि तिला फारसा पैसा लागत नाही.

पहिल्यांदा एक पत्र. साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कुठे बसतं आणि तुमच्या तालुक्याला कोणत्या वारी येतं, ते विचारा. (सांगलीकरांसाठी हेच पत्र सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय किंवा मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथे.) ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात १० ते १९ वयाच्या मुलांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं, तिथल्या समुपदेशकाचं नाव आणि वार लिहून घ्या. शाळा तपासणीला वर्षातून एकदा येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य पथकाला केवळ उंची-वजनावर सोडू नका. दोन-तीन मुलांबद्दलची काळजी त्यांच्या डॉक्टरांपाशी बोला. व्यसनाचा प्रश्न असेल, तर साताऱ्यात ‘परिवर्तन’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे.

मग शाळेत एकच माणूस नेमा, आणि ते मुलांना विचारून. चिठ्ठीवर ‘तुम्ही कुणाशी बोलाल?’ लिहून घ्या. बऱ्याच शाळांत उत्तर निघतं ते सेविकाबाई किंवा खेळाचे सर. ज्याचं नाव निघेल त्यालाच प्रशिक्षण द्या. गणिताच्या बाई सेवाज्येष्ठ आहेत म्हणून त्यांना नेमून काही होत नाही.

त्या माणसानं ऐकताना काय करायचं ते साधं आहे. दार अर्धं उघडं, बाहेरून दिसेल पण ऐकू जाणार नाही अशी जागा. सुरुवातीलाच सांगायचं, ‘तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मात्र मला पुढे सांगावं लागेल, आणि ते तुला सांगूनच करीन.’ पहिली दहा मिनिटं सल्ला नाही. स्टाफरूममध्ये नाव घ्यायचं नाही. नोंदवहीत तारीख, दोन ओळी, पुढची भेट, आणि वही कपाटात.

दवाखान्यात पाठवताना कोऱ्या हातानं पाठवू नका. आई-वडील केसपेपरच्या खिडकीपाशी ‘डोक्याचे डॉक्टर कुठे’ विचारायला लाजतात आणि परत येतात. अर्ध्या पानाचं पत्र द्या : मुलात काय बदल दिसला, किती आठवडे, हजेरी आणि गुणांत काय फरक पडला, जिवाच्या धोक्याचं काही बोललं का. आजाराचं नाव लिहू नका, ते काम डॉक्टरांचं. खोली क्रमांक आणि वार लिहा. आधी समुपदेशक, मग गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ, हा फरक पालकांना समजावून सांगा. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ लिहून देतात, मानसशास्त्रज्ञ बोलून उपचार करतात. १८ वर्षांखालील मुलाच्या उपचाराला पालकांची संमती लागते, म्हणून पालकांना टाळून पुढे जाता येत नाही.

एक अडचण हमखास येते. शाळेची वेळ आणि ओपीडीची वेळ एकच, आणि डोंगरातून एसटी दोनच. म्हणून कारण न विचारता अर्ध्या दिवसाची रजा देण्याचा नियम करा आणि हजेरीपटावर ‘वैद्यकीय’ एवढंच लिहा. गेलेलं मूल परत आल्यावर वर्गात ‘काय म्हणाले डॉक्टर?’ असं कुणी विचारलं, तर पुढचं मूल जात नाही.

प्रश्न : मुलगा दहावीला. सराव परीक्षेत दोन विषय गेले. ‘बोर्डात नापास झालो तर तोंड दाखवणार नाही’ म्हणतो. धीर कसा द्यायचा? – वाळवा तालुका

‘नापास होणारच नाहीस’ हा धीर नव्हे. नापास झाल्यावर काय, ते त्याच्यासमोर कागदावर मांडा. एक-दोन विषय राहिले, तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. मंडळाची पुरवणी परीक्षा त्याच उन्हाळ्यानंतर होते, म्हणजे वर्ष जात नाही. आयटीआयचे काही ट्रेड दहावी नापासलाही खुले असतात. परीक्षेच्या आधी मंडळ समुपदेशकांचे नंबर जाहीर करतं. कोल्हापूर विभागीय मंडळात सातारा, सांगली, कोल्हापूर हे तीन जिल्हे येतात, ते नंबर फ्रिजवर चिकटवा.

एनसीईआरटीनं २०२२ मध्ये देशभरातल्या सुमारे ३.७९ लाख विद्यार्थ्यांची पाहणी जाहीर केली; ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हेच चिंतेचं कारण सांगितलं. त्यामुळे तुमचा मुलगा वेगळा नाही. पण ‘तोंड दाखवणार नाही’ म्हणजे काय, हे त्याला शांतपणे, स्पष्ट शब्दांत विचारा. वरच्या जतच्या पत्राचं उत्तर त्यासाठी वाचा. झोप रोज आठ तास व्हायला हवी, या वयाला आठ ते दहा लागते. पहाटे चारला उठवत असाल तर रात्री आठला निजवा, आणि ते जमत नसेल तर चारचा हट्ट सोडा. निकालाच्या दिवशी एक वाजता मोबाईलभोवती अख्खी गल्ली नको. निकाल त्यानं तुमच्याबरोबर बघावा, टक्के विचारायला येणारे फोन त्या दिवशी तुम्ही उचलावेत, आणि तो दिवसभर घरात एकटा राहणार नाही याची सोय आदल्या दिवशीच लावून ठेवा.